रायझन ३६०० + १६६० सुपर: सगळं बदलायचं की नुसतं कार्ड? (१४४०पी ला जायचंय)

खान्देशी_गेमर, जळगाव

नमस्कार मंडळी,

सध्याचं मशीन: रायझन ५ ३६०० (बॉक्समधलाच कूलर), बी४५० मायक्रो-एटीएक्स बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ ३२०० (८+८), जीटीएक्स १६६० सुपर ६ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५५० वॅटचा ८० प्लस ब्राँझ एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा खोका), ४८० जीबी साटा एसएसडी, १ टीबी हार्ड डिस्क, २४ इंची १०८०पी ७५ हर्ट्झ मॉनिटर. यूपीएस ६०० व्हीएचा आहे. विंडोज अजून १० च.

खेळतो मुख्यतः सायबरपंक २०७७, आणि मित्रांबरोबर व्हॅलोरंट. डूम: द डार्क एजेस पण खेळायचाय, पण तो १६६० वर चालूच होत नाही असं कळलं. सायबरपंक मीडियम सेटिंगला ४५ ते ५५ फ्रेम देतो आणि गर्दीच्या चौकात झटके मारतो.

दुकानदार म्हणतो, सगळंच जुनं झालंय, एएम५ वर (एएमडीच्या नव्या प्रोसेसर-सॉकेटवर) जा. त्याच्या कोटेशनमध्ये प्रोसेसर, बोर्ड आणि डीडीआर५ रॅम यांतच बहुतेक बजेट संपतं आणि कार्ड जुनंच राहतं. बजेट ५५ ते ६० हजार, आणि त्यातच २७ इंची १४४०पी मॉनिटर बसवायचाय.

विचारायचं हे, की आता काय बदलू, काय थांबवू? नुसतं कार्ड बदललं तर ३६०० ते अडवून ठेवेल का? एसएमपीएस आणि यूपीएस पुरतील का?

---

फ्रेमटाइम

ते कोटेशन आधी बाजूला ठेवा. कार्ड तेच ठेवून एएम५ घेतलं तर सायबरपंकमधल्या फ्रेम जवळपास आहेत तिथेच राहतील, कारण मीडियमला १६६० सुपर बहुधा पूर्ण ताकदीने चालतंय. पण "बहुधा" वर ५० हजार खर्च करू नयेत. आधी मोजा, फुकटात होतं.

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर टाका. स्क्रीनवर एवढं दिसू द्या: जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) वापर, जीपीयू मेमरी, प्रत्येक थ्रेडचा वापर वेगवेगळा, रॅम, आणि फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) आलेख. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा दोन्ही बंद करा, नाहीतर ७५ ला अडकलेलं कार्ड निवांत दिसेल आणि दोष प्रोसेसरवर जाईल.

जीपीयू ९७-९९ टक्क्यांवर असेल तर कार्ड कमी पडतंय. जीपीयू ६०-७० वर घसरलंय आणि फ्रेमही कमी आहेत, तर दुसरं काहीतरी त्याला थांबवतंय. इथे प्रोसेसरचा एकूण टक्का पाहून फसायला होतं. ३६०० ला १२ थ्रेड आहेत. गेमचा मुख्य थ्रेड १०० टक्के भरला तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा ८ टक्क्यांच्या आसपासच असतो. त्यामुळे एकूण ४५ टक्के दिसत असतानाही प्रोसेसर कमी पडत असू शकतो. म्हणून थ्रेड सुटे बघायचे.

खात्री करायची असेल तर त्याच जागी उभं राहून रिझोल्यूशन ७२०पी करा. फ्रेम भरपूर वाढल्या तर कार्ड अडवत होतं. तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर किंवा रॅम.

आणखी दोन गोष्टी आत्ताच बघा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा आणि स्पीड वाचा. ३२०० ची रॅम घेऊनही तिथे २१३३ किंवा २४०० दिसणारी मशीन ढिगाने आहेत, कारण बायोसमधलं एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) कोणी चालूच केलेलं नसतं. रायझनमध्ये याची किंमत दुप्पट मोजावी लागते. प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारं इन्फिनिटी फॅब्रिक रॅमच्या घड्याळाबरोबर चालतं, म्हणजे रॅम ३२०० वर असेल तर फॅब्रिक १६०० मेगाहर्ट्झ, आणि २१३३ वर असेल तर जेमतेम १०६७. गर्दीच्या जागचे झटके नेमके इथून येऊ शकतात.

दुसरं म्हणजे सायबरपंक कुठल्या डिस्कवर आहे? २.० आवृत्तीपासून किमान गरजांमध्येच एसएसडी लिहिलंय. हार्ड डिस्कवर असेल तर गाडीने वेगात जाताना किंवा गर्दीत शिरताना झटके बसणारच, त्याला प्रोसेसर काय करणार.

आकडे टाका, मग पुढे बोलू.

---

पिक्सेल_पाटील

वरच्याशी सहमत, पण व्हॅलोरंटचा विचार वेगळा करा. तो कार्डावर नाही, प्रोसेसरवर चालतो. उद्या १६५-१८० हर्ट्झचा मॉनिटर आणलात आणि सगळ्या फ्रेम हव्या झाल्या, तर आधी प्रोसेसर बदलणं बरोबर ठरेल. मुख्य खेळ कोणता ते ठरवा. दोन्ही सारखेच मुख्य असं चालणार नाही, बजेट एकच आहे.

---

खान्देशी_गेमर

मोजलं. रॅम खरंच २१३३ वर होती! दोन्ही स्टिक बरोबर जागी आहेत (प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट). एक्सएमपी चालू केलं, आता ३२०० दाखवतो. गेम हार्ड डिस्कवर होता, एसएसडीवर हलवला.

सायबरपंक १०८०पी मीडियम: जीपीयू सतत ९८-९९, जीपीयू मेमरी ५.५ जीबीच्या पुढे. गर्दीत आधी जीपीयू ७० पर्यंत पडायचं, आता ८८-९० च्या खाली जात नाही आणि झटके खूपच कमी झालेत. ७२०पी केल्यावर फ्रेम ८० च्या वर गेल्या. व्हॅलोरंटमध्ये जीपीयू ४५ च्या आसपास, पण फ्रेम ७५ च्या कितीतरी वर आहेत.

मुख्य खेळ सायबरपंक आणि तसलेच एकट्याने खेळायचे. व्हॅलोरंट शनिवार-रविवार.

---

फ्रेमटाइम

मग उत्तर मिळालं. कार्ड कमी पडतंय, आणि त्याची मेमरीही संपलीय. ३६०० आज ८० च्या पुढे फ्रेम तयार करू शकतो. नवं कार्ड घातल्यावर तुमची मर्यादा तीच असेल आणि एकट्याने खेळायच्या गेमला ती पुरते. एएम४ चं सॉकेट तुमच्याकडे आहेच, प्रोसेसर नंतर त्याच बोर्डात बदलता येईल.

एएम५ ला आत्ता नको म्हणण्याचं दुसरं कारण रॅम. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. एएम५ ला डीडीआर४ चालत नाही. म्हणजे चांगली चालणारी १६ जीबी काढून ठेवायची आणि महागातली नवी घ्यायची. ज्याच्याकडे डीडीआर४ आहे त्याने ती वापरत राहावी.

आता १४४०पी चं गणित. १०८०पी मध्ये साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी मध्ये ३६.९ लाख, म्हणजे १.७८ पट. १६६० सुपरवर ते ओढणार नाही. पण नव्या कार्डावर तुम्ही डीएलएसएस किंवा एफएसआर (कमी पिक्सेलांत रंगवून चित्र मोठं करणारं अपस्केलिंग) क्वालिटीवर खेळाल. तेव्हा गेम आतमध्ये १७०७ × ९६० ला रंगवला जातो, म्हणजे साधारण १६.४ लाख पिक्सेल, तुमच्या आजच्या १०८०पी पेक्षाही कमी. "१४४०पी ला गेलं की प्रोसेसरवरचा ताण संपतो" असं सर्रास सांगितलं जातं. अपस्केलिंग लावलं की ते खरं राहत नाही. प्रोसेसरची गरज १०८०पी ला होती तेवढीच राहते, हे पुढच्या वर्षासाठी डोक्यात ठेवा.

आणि १६६० सुपरमध्ये रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा हिशोब करून चित्र रंगवण्याचं) हार्डवेअर नाही. डूम: द डार्क एजेसला ते लागतंच, शिवाय ८ जीबी ग्राफिक्स मेमरी. सेटिंग कमी करून सुटणारी ही गोष्ट नाही. कार्ड कधी बदलायचं, याचं यापेक्षा स्पष्ट उत्तर नसतं: हवा तो गेम सुरूच होत नाही.

---

सिलिकॉन_सदाशिव

कार्ड निवडताना तुमच्या बोर्डाकडे बघा, कारण हे दुकानात कोणी सांगत नाही. बी४५० म्हणजे पीसीआयई ३.० (कार्ड आणि बोर्ड जोडणारा रस्ता). आणि आजची मधल्या दर्जाची बरीच कार्डं १६ ऐवजी त्या रस्त्याच्या ८ च लेनवर चालतात. आरटीएक्स ४०६०, ५०६०, ५०६० टीआय, आरएक्स ७६००, आर्क बी५८० ही सगळी ८ लेनची. नव्या बोर्डात फरक पडत नाही, पण ३.० वर ८ लेन म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ जीबीचा रस्ता.

एरवी तेही चालतं. अडचण होते ती कार्डाची मेमरी भरल्यावर. मग उरलेले टेक्स्चर मशीनच्या रॅममधून या अरुंद रस्त्याने यायला लागतात. ५०६० टीआयच्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ जीबी. ४४८ वरून ८ वर आलं की काय होईल ते सांगायला नको: सरासरी फ्रेम बऱ्या दिसतात आणि मध्येच अर्धा सेकंद चित्र गोठतं. टास्क मॅनेजरमध्ये "शेअर्ड जीपीयू मेमरी" चा आकडा चढताना दिसतो. ८ जीबीचं कार्ड, ८ लेन आणि जुना बोर्ड, ही तिन्ही एकत्र आली की हे होतंच. म्हणून १४४०पी साठी, तेही बी४५० वर, ८ जीबीचं कार्ड घेऊच नका. एकाच नावाने ८ आणि १६ अशा दोन्ही आवृत्त्या विकल्या जातात. बिलावर आकडा लिहून घ्या.

तुमच्यासाठी दोनच पर्याय बघतो: एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी किंवा एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी. ९०६० एक्सटीला पूर्ण १६ लेन आहेत, म्हणजे तुमच्या बोर्डावर तिचं काहीच अडत नाही, आणि बहुतेक वेळा ती स्वस्तही असते. सायबरपंकमध्ये भारी रे ट्रेसिंग लावूनच खेळायचं असेल तर ५०६० टीआय पुढे आहे, शिवाय डीएलएसएस जास्त गेममध्ये आहे. दोन्हींच्या भावात फार फरक नसेल तर ५०६० टीआय, नाहीतर ९०६० एक्सटी. मी असतो तर ९०६० एक्सटी घेऊन वाचलेले पैसे मॉनिटरला लावले असते.

आर्क बी५८० स्वस्तात १२ जीबी देते म्हणून मोह होईल. ३६०० बरोबर नको. तिचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त काम टाकतो, आणि जुन्या ६ कोअरवर फ्रेम चांगल्याच पडतात.

ऑर्डर देण्याआधी कॅबिनेट मोजा. कार्डाची लांबी मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत (पुढच्या जाळीपर्यंत नव्हे), शिवाय जाडी. अडीच स्लॉटचं कार्ड मायक्रो-एटीएक्स बोर्डात खालचे साटा आणि यूएसबीचे पिन झाकून टाकतं. जळगावात उघड्यावर बघायला मिळणार नसेल आणि ऑनलाइन मागवत असाल तर खोका उघडताना व्हिडिओ काढा. सिरीयल नंबर बिलावर आहे का बघा आणि वॉरंटी भारतातलीच आहे ना, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कधीकधी भाव कमी मिळतो, पण बाहेरून आणलेलं बिनवॉरंटीचं कार्डही तिथे त्याच काउंटरवर असू शकतं. पक्कं जीएसटी बिल नसेल तर सोडून द्या.

---

वॅटमीटर

विजेचं मी सांगतो.

एसएमपीएस: ५५० वॅट पुरेल, जर तो खरा ५५० असेल. बाजूचा स्टिकर वाचा, १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत? ४२ ते ४५ असेल तर छान (४५ × १२ = ५४०). ३० च्या आसपास असेल तर तो ३६० वॅटचाच एसएमपीएस आहे, नाव काहीही असो. मग आधी तो बदला. कार्ड १६० ते १८० वॅट घेणार, ३६०० भर लोडला ८८ पर्यंत, बोर्ड, रॅम, पंखे, डिस्क मिळून ४५ धरा. सगळे मिळून ३१० च्या आसपास. कार्ड क्षणभर याच्या कितीतरी वर उडी मारतं, त्याला ५५० मध्ये जागा आहे. वॉरंटी संपून काही वर्षं झाली असतील तर मात्र पुढच्या खर्चात त्याचं नाव लिहून ठेवा. खान्देशातल्या उन्हाळ्यात कपॅसिटर लवकर म्हातारे होतात.

एसएमपीएस बदलायची वेळ आलीच तर एक गोष्ट कधीही करू नका. मॉड्युलर असेल तर जुन्या केबल तशाच ठेवून नव्याला जोडायच्या नाहीत. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिकही वेगळा असतो. प्लग बसतो, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊन एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही जळतात.

यूपीएस: हा मात्र कमी पडेल. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. वरचे ३१० हे एसएमपीएसच्या पुढचे. भिंतीतून ओढताना ब्राँझची कार्यक्षमता ८५-८६ टक्के धरा, तर ३६० झालेच. त्यावर २७ इंची मॉनिटरचे ३५, म्हणजे ३९५. लाइट असेपर्यंत काही कळणार नाही. गेम चालू असताना लाइट गेली की यूपीएस बीप करून सगळं बंद करेल. १००० ते ११०० व्हीएचा, ६०० वॅटच्या वरचा घ्या. बॅटरीवर तो १० मिनिटं गेम चालवायला नसतो, सेव्ह करून बंद करायला असतो. स्पीकर आणि राउटर वेगळ्या सॉकेटवर ठेवा. लेझर प्रिंटर तर यूपीएसला कधीच लावू नका.

आणखी एक, अगदी साधं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात का? येत असतील तर घराचं अर्थिंग नाही किंवा तुटलंय. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी ते दुरुस्त करा, मगच महागडं कार्ड लावा. हा खर्च किरकोळ आहे आणि तो टाळण्यासारखा नाही.

उन्हाळ्यात खोली ४० अंशांवर जात असेल तर कार्डाची पॉवर लिमिट आफ्टरबर्नरमधून ८५-९० टक्क्यांवर आणा. फ्रेम थोड्याच कमी होतात आणि पंख्याचा आवाज व तापमान बरंच खाली येतं. पुढची काच बंद असलेलं कॅबिनेट असेल तर समोर हवा आत घेणारे दोन पंखे आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढं हवंच.

---

खान्देशी_गेमर

स्टिकरवर ४५ अँपिअर आहे. झिणझिण्या येत नाहीत. यूपीएस बदलतो.

दादा, मग विंडोज ११ आणि बायोसचं काय? बायोस घेतल्यापासून कधीच अपडेट केलेलं नाही. आणि पुढे प्रोसेसर घ्यायचा झाला तर कोणता?

---

बूट_लोडर

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे हे कार्डाच्या आधीच उरका. ३६०० विंडोज ११ ला चालतो. पण क्रम चुकला की मशीन बूटच होत नाही, म्हणून क्रमाने सांगतो.

सगळ्यांत आधी बॅकअप. मग सिस्टिम इन्फर्मेशन उघडून "बायोस मोड" बघा. यूईएफआय असेल तर उत्तम. लेगसी असेल तर डिस्क एमबीआर (जुन्या रचनेची) आहे, आणि बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सोय) बंद करताच विंडोज सापडणार नाही. अशा वेळी विंडोजमधल्याच एमबीआर-टू-जीपीटी साधनाने डिस्क बदलायची. आधी नुसती तपासणी चालवा, ती पास झाली तरच बदल करा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते नकार देतं. रिकामं एखादं काढावं लागतं.

मग बायोस. बोर्डाच्या पानावरून तुमच्याच मॉडेलची आणि रिव्हिजनची फाइल घ्या. रिव्हिजन बोर्डाच्या कोपऱ्यावर छापलेली असते. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. बायोसमधल्या फ्लॅश साधनातूनच अपडेट करा, विंडोजमधल्या सॉफ्टवेअरमधून नको. यूपीएसवर असतानाच करा. कंपनीने "आधी ही मधली आवृत्ती टाका" असं लिहिलं असेल तर ते पाळा. पुढे रायझन ५००० घालायचा असल्याने एजीसा (बायोसमधला एएमडीचा मूळ कोड) १.२.०.७ किंवा त्यानंतरची आवृत्ती हवी. एफटीपीएममुळे (प्रोसेसरमधलंच टीपीएम, म्हणजे कळा साठवणारी सुरक्षा-सोय) काही मशीन मधूनमधून अडकायची, तो दोषही त्याच आवृत्तीत काढलाय.

अपडेट झाल्यावर मशीन एकदोनदा आपोआप रीस्टार्ट होतं, स्क्रीन काळी राहते. बटण दाबू नका. सगळ्या सेटिंग मूळ पदावर जातात, एक्सएमपी सुद्धा, ते परत चालू करा. नंतर एफटीपीएम चालू, सीएसएम बंद, सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सेटिंग) चालू. सिक्युअर बूट चालू करूनही विंडोजमध्ये "बंद" दिसत असेल तर बायोसमध्ये मूळ कळा बसवण्याचा पर्याय राहिलेला असतो, तो वापरा. व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही मागतं, त्यामुळे याला सुटका नाही.

विंडोज ११ वर गेल्यावर ड्राइव्ह एन्क्रिप्ट झालेली असू शकते. यापुढे कधीही बायोस अपडेट किंवा प्रोसेसर बदल करण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या ड्राइव्ह-एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, आणि बिटलॉकर तात्पुरता थांबवा. नवा प्रोसेसर बसल्यावर बोर्ड एफटीपीएम रीसेट करायचा का विचारतो. की नसताना होय म्हटलंत तर डेटा गेला.

कार्ड आल्यावर: एनव्हिडियाकडून एएमडीकडे जात असाल तर इंटरनेट तोडून, सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर पुसणाऱ्या साधनाने) जुना ड्रायव्हर साफ करा आणि मगच मशीन बंद करा. इंटरनेट तोडायचं कारण असं, की विंडोज मधल्या मध्ये स्वतःचाच ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. बायोसमध्ये अबव्ह ४जी डीकोडिंग आणि रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणाऱ्या सेटिंग) चालू करा, ३६०० आणि बी४५० वर नव्या बायोसमध्ये दोन्ही चालतात.

---

सिलिकॉन_सदाशिव

प्रोसेसरचं: नवं कार्ड लावून काही महिने खेळा आणि परत मोजा. जीपीयू ९० च्या वर राहत असेल तर ३६०० तसाच ठेवा. गर्दीत सारखं ७० वर पडत असेल तर बदला.

तुमच्या बोर्डाला तीन चांगले पर्याय. ५६०० सगळ्यांत स्वस्त, ६ कोअर, ६५ वॅट, सोबत कूलर येतो. ५७००एक्स ८ कोअरचा, तोही ६५ वॅट, पण कूलर वेगळा घ्यावा लागतो. डूमच्या किमान गरजांमध्ये ८ कोअर लिहिलेत, त्यामुळे पुढचा विचार करणाऱ्याने हा बघावा. आणि ५७००एक्स३डी, ९६ एमबी एल३ कॅशचा (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी), गेममध्ये या तिघांत सरळ पुढे. पण त्याचं आणि ५८००एक्स३डीचं उत्पादन थांबलंय, म्हणून नवा मिळणं कठीण आणि जुन्याचाही भाव चढाच. सेकंडहँड घ्यायचा तर खालच्या पिनांचा जवळून फोटो मागवा आणि दुकानात चालवून सीपीयू-झेडमध्ये नाव व कॅश बघूनच पैसे द्या. मूळ ५८०० च्या किमतीला "एक्स३डी" मिळतोय असं कोणी म्हणत असेल तर उठून या.

३६०० काढताना लक्ष द्या. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेट त्याला वरून दाबून धरत नाही. जुनी थर्मल पेस्ट वाळून घट्ट झालेली असते. कूलर सरळ वर ओढलात तर लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून येतो आणि पिना वाकतात. १० मिनिटं गेम चालवून मशीन गरम करा, बंद करून वीज काढा, चारही स्क्रू तिरक्या क्रमाने थोडेथोडे सैल करा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत राहा. सुटल्याचं हाताला कळतं, तेव्हा उचला. नवी पेस्ट मटारच्या दाण्याएवढी मधोमध, बस. पसरवायची गरज नाही.

तुमचा बॉक्समधला कूलर थेट बोर्डामागच्या पट्टीत स्क्रूने बसतो. तो लावताना बोर्डावरचे दोन काळे प्लास्टिकचे ब्रॅकेट काढून ठेवलेले असतात. टॉवर कूलर घेतलात तर बऱ्याच मॉडेलांना तेच ब्रॅकेट लागतात. बोर्डाच्या खोक्यात शोधून ठेवा. स्क्रू काढल्यावर मागची पट्टी खाली पडते, म्हणून कॅबिनेट आडवं ठेवा आणि मागून एक हात धरा.

---

पिक्सेल_पाटील

मॉनिटरचं थोडक्यात. २७ इंची, १४४०पी, आयपीएस, १६५ किंवा १८० हर्ट्झ, फ्रीसिंक (रिफ्रेश रेट कार्डाच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) असलेला. कार्ड कोणतंही घेतलंत तरी तो चालेल. डिस्प्लेपोर्ट केबल वापरा. मॉनिटर लावल्यावर विंडोज बऱ्याचदा ६० हर्ट्झवरच ठेवतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन पूर्ण आकडा स्वतः निवडा. मॉनिटरच्या मेनूमधलं अडॅप्टिव्ह सिंकही वेगळं चालू करावं लागतं. फ्रेमची मर्यादा रिफ्रेश रेटपेक्षा तीनेक फ्रेम खाली ठेवा, म्हणजे चित्र फाटत नाही आणि कार्डही उगाच तापत नाही.

---

खान्देशी_गेमर

क्रम असा धरतो: बॅकअप, डिस्क, बायोस, विंडोज ११, यूपीएस, मग कार्ड आणि मॉनिटर एकदमच. ४८० जीबीत सायबरपंक आणि डूम दोन्ही मावणार नाहीत असं वाटतंय. एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान एसएसडी) आत्ता घेऊ की थांबू?

---

बूट_लोडर

मावणार नाहीत. पण बजेट संपत असेल तर आत्ता एकावेळी एकच मोठा गेम ठेवा, दुसरा नंतर. साटावरून एनव्हीएमईवर गेल्याने फ्रेम वाढत नाहीत, लोड होण्याचा वेळ थोडा कमी होतो. रॅमबरोबर एसएसडीचेही भाव चढलेत, त्यामुळे नुसत्या वेगासाठी बदलू नका, जागा कमी पडली तरच घ्या. घ्याल तेव्हा साधी पीसीआयई ३.० किंवा ४.० ची १ टीबी घ्या. तुमच्या बोर्डात दोन्ही ३.० च्याच वेगाने, सेकंदाला ३५०० एमबीच्या आसपास चालतील. स्लॉटजवळचा छोटा स्क्रू बोर्डाच्या खोक्यात असतो. बोर्डावर दोन एम.२ स्लॉट असतील तर प्रोसेसरच्या जवळचा वापरा. दुसरा भरला की काही बी४५० बोर्डांत एक-दोन साटा पोर्ट बंद पडतात, आणि मग हार्ड डिस्क दिसत नाही म्हणून लोक नवी केबल आणायला जातात. मॅन्युअलमध्ये पोर्टचे नंबर दिलेले असतात, डिस्क दुसऱ्या पोर्टला लावली की झालं.